एम्प्रेस गार्डनच्या झाडीत पक्षी ओळखायला शिकताना

पुण्यात पक्षी बघायला जायचं म्हटलं की गाड्या कवडीपाटकडे नाहीतर भिगवणकडे वळतात. तिथे पाणी आहे, पक्षी उघड्यावर असतात आणि दुर्बीण डोळ्याला लावली की शेकाट्या, चक्रवाक, रोहित मनसोक्त बघता येतात. मीही सुरुवात तिथूनच केली. पण पक्षी ओळखणं म्हणून जे काही मला येतं, ते शिकले शहराच्या ऐन मध्यात, रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनमध्ये. दाट झाडीत पक्षी बघणं ही पाणपक्ष्यांपेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. पान हलतं, आवाज येतो, सावली सरकते आणि पक्षी काही दिसत नाही. बरेच जण इथेच कंटाळतात आणि पुन्हा पाण्याकडे जातात. त्यांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

बहुतेक पुणेकरांना ही बाग ठाऊक असते ती जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनामुळे, नाहीतर शाळेच्या सहलीमुळे. इंग्रजांच्या काळात तिला सोल्जर्स गार्डन म्हणत. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतला आणि बागेला एम्प्रेस हे नाव मिळालं. १८३० साली स्थापन झालेली अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था तिची देखभाल करते. जागा ३९ एकर. मधून ओढा जातो. जुनी, उंच झाडं वर एकमेकांत गुंतलेली आहेत आणि गारंबीचा तो अजस्र वेल एका झाडावरून दुसऱ्यावर पसरलेला आहे. वेल कसला, खोडच म्हणायचं, इतका जाड. पक्ष्यांच्या दृष्टीने बघितलं तर इथे सावली आहे, पाणी आहे, वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फळलेलं असतं आणि म्हाताऱ्या झाडांना ढोल्या आहेत. भोवती काँक्रीट आणि मध्ये हे बेट, त्यामुळे आसपासचे पक्षी इथे गोळा होतात आणि लांबून आलेलेही इथे उतरतात.

दुर्बिणीबद्दल आधी सांगते, कारण त्यावर सगळे अडतात. दुकानदार जास्त मोठं करून दाखवणारी दुर्बीण गळ्यात घालायला बघतो. झाडीसाठी ती उपयोगाची नाही. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण घ्यावी. आठ पट मोठं दिसतं, समोरच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असल्याने अंधाऱ्या जागी पुरेसा उजेड मिळतो आणि दिसण्याचं क्षेत्र रुंद राहतं. पानांत उड्या मारणारा पक्षी पुन्हा पुन्हा सापडायला ती रुंदीच कामाला येते. दुसरं म्हणजे सराव. पक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही, दुर्बीण वर आणून डोळ्यांसमोर धरायची. ऐकायला सोपं आहे, पण हे हाताच्या अंगवळणी पडेपर्यंत मी घराच्या गच्चीवर समोरच्या नारळावरच्या कावळ्यांवर तासन् तास सराव केला आहे.

मला झाडीतले पक्षी दाखवले ते आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ काकांनी. बागेत शिरल्यावर मी आपली पायवाटेने भराभर चालायला लागले, तर ते म्हणाले, “ताई, तुम्ही फिरू नका. तुम्ही बसा. फिरायचं काम त्यांचं आहे.” मग त्यांनी मला ओढ्याच्या अलीकडच्या एका फळलेल्या उंबरापाशी नेलं आणि तिथल्या बाकावर बसवलं. स्वतः जरा लांब जाऊन उभे राहिले. एका झाडाखाली बसून काय दिसणार, असं मनात आलं होतं. पण थोड्याच वेळात वरून उंबरांचा सडा पडायला लागला.

उंबर, वड, पिंपळ ही सगळी एकाच कुळातली झाडं. त्यांची खुबी अशी की एका जातीची सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत. आज हे झाड, महिन्याभराने पलीकडचं. त्यामुळे बाकी झाडांवर खायला काही नसतं तेव्हाही पक्ष्यांना यांतलं एखादं झाड सापडतंच. बागेत गेल्यावर आधी यांतलं कोणतं झाड पिकलंय ते शोधायचं, हा काकांचा पहिला नियम. त्या उंबरावर बुलबुल होते, तांबट होते, पांढऱ्या ठिपक्यांची कोकिळा होती आणि अगदी वर, उन्हाच्या तिरिपीत, हळद्या. मधल्या एका फांदीकडे मी बराच वेळ बघत होते. तिथे पानांखेरीज काही नाही याची माझी खात्री पटली होती. काका हळूच म्हणाले, “पाय बघा, पाय.” आणि पानांच्या आड पिवळेधमक पाय दिसले. मग त्यांच्यावरचा हिरवट पिवळा पक्षी दिसला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. हरियालांचा आख्खा थवा त्या एका फांदीवर गप्प बसलेला होता. हरियाल हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. शहरात राहून तो इतक्या जवळून दिसू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

बसण्याचं हे तंत्र एकदा कळलं की पुढचा टप्पा कानांचा. झाडीत दहांतले आठ पक्षी आधी ऐकू येतात आणि त्यातले कित्येक नुसते ऐकूच येतात. आवाजांच्या ध्वनिफिती ऐकून पाठ करण्याचा उद्योग फार टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. मला कामाला आली ती पद्धत अशी: बागेतला एकच अनोळखी आवाज धरायचा आणि त्याच्या मागे लागायचं. गाणाऱ्याची चोच आवाजाबरोबर हलताना दिसली की तो आवाज कायमचा आपला. शिंप्याचं असंच झालं. ‘टुवीट टुवीट टुवीट’ असा खणखणीत आवाज रोज झुडपातून यायचा. एवढ्या मोठ्या आवाजाचा धनी मैनेएवढा तरी असेल असं वाटत होतं. कर्दळीच्या मागे पानात पान शिवल्यासारखं दिसलं, त्याच्या शेजारी मुठीत मावेल असा चिमणा पक्षी, शेपटी उभी, गळ्याची कातडी ताणली की बाजूची काळी रेघ दिसायची. त्या दिवसापासून शिंपी मला बसमधूनही ऐकू येतो.

तांबटाची ‘टुक टुक टुक’ बहुतेकांना माहीत असते. त्याचा मोठा भाऊबंद, तपकिरी डोक्याचा तांबट, ‘कुटुर्र, कुटुर्र’ करत बाग डोक्यावर घेतो. उन्हाळ्यात पावशा सुरू होतो. शेतकरी त्याच्या ओरडण्यात ‘पेर्ते व्हा’ ऐकतात आणि एकदा ते ऐकलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. धनेशाची हाक घारीच्या चित्कारासारखी असते, म्हणून घार ओरडल्यासारखी वाटली पण आवाज आभाळातून न येता झाडीतून आला, तर मान वळवायची. कोतवालाचं वेगळंच प्रकरण आहे. तो शिक्र्याची, म्हणजे लहान पक्ष्यांची शिकार करणाऱ्या ससाण्यासारख्या पक्ष्याची, हुबेहूब नक्कल करतो. मोबाइलवर हल्ली मर्लिन नावाचं अ‍ॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. ते चांगलं आहे, मी वापरते. पण त्याच्या नावावर विसंबून यादीत नोंद करायची नाही, पक्षी बघायचा, हा माझा शिरस्ता आहे. कोतवालासारखे नकलाकार असताना तर नाहीच.

हिवाळा आला की बागेत अनोळखी आवाज वाढतात. सप्टेंबरच्या शेवटी शेवटी झाडाच्या शेंड्यातून ‘चिस्वी’ असा दोन तुकड्यांचा बारीक आवाज यायला लागतो. तो हिरवट वटवट्या. वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम. हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे घरटी करून हा जीव इथवर उडत येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. रंगाने मातकट हिरवा, भुवई फिकट, पंखावर पुसट एक पट्टी. नवशिक्याने याच्या वाटेला जाऊ नये असं जाणकार म्हणतात, कारण वटवटे सगळे सारखेच दिसतात. मला मात्र झाडीत शिकायला याच्यासारखा गुरू नाही असं वाटतं. त्याचं कारण असं की हिवाळ्यापुरती प्रत्येक वटवट्याची स्वतःची हद्द ठरलेली असते. तो ती राखतो. दुसरा आला की चिस्वी-चिस्वी करून हाकलतो. म्हणजे आपण रोज त्याच झाडाखाली बसलो तर रोज तोच पक्षी भेटतो. बाकाच्या वरच्या रेन ट्रीवर एक होता. त्याच्या पंखावरची पट्टी नेमकी किती रुंद, आवाज काढताना शेपूट झटकतो का पंख, पानाच्या वरून कीटक टिपतो का खालून, हे मी आठवडेच्या आठवडे बघत बसले. मग एके सकाळी पलीकडून वेगळा ‘च्विस’ आला, पंखावर दोन ठळक पट्ट्या असलेला पक्षी दिसला आणि हा आपला नव्हे हे लगेच कळलं. तो ह्यूमचा वटवट्या निघाला. एकाला पुरतं ओळखलं की दुसरा आपोआप वेगळा पडतो.

याच दिवसांत खालच्या फांद्यांवर लाल छातीचा माशीमार दिसतो. युरोप आणि पश्चिम आशियाकडून येणारा हा पाहुणा. मादी आणि लहान नर फिके असतात, लाल काही दिसत नाही, पण शेपूट वर उडवण्याची लकब आणि शेपटीच्या बाजूचे पांढरे डाग यांवरून ओळख पटते. स्वर्गीय नर्तकही असतो. सिंहगडाच्या दरीत तो उन्हाळ्यात घरटी करतो, आणि हिवाळ्यात बागेत ओढ्याच्या काठी एखादा नर पांढऱ्या लांब फिती लहरवत गेला की सहलीला आलेली पोरंसुद्धा गप्प होतात.

मिश्र थव्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. हिवाळ्यात बराच वेळ झाडीत चिटपाखरू नसतं आणि मग एकदम चहूकडून आवाज यायला लागतात. निखार, सुभग, चष्मेवाले, वटवटे, नाचण, कोतवाल अशा वेगवेगळ्या जाती एकत्र चरत पुढे सरकतात. वर शेंड्यात निखार, मधल्या पानांत सुभग आणि चष्मेवाले, खाली झुडपांच्या पातळीवर पंख्यासारखी शेपूट उघडत गिरक्या घेणारी नाचण. पुढच्यांच्या गडबडीने उडालेले किडे मागचे टिपतात, आणि इतके डोळे असल्यावर शिक्रा लवकर दिसतो. कोतवाल बाजूच्या उघड्या फांदीवर बसून राहतो आणि उडालेला किडा हवेत पकडतो. थवा आपल्या डोक्यावरून जायला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात सगळं बघायचं असतं. अशा वेळी प्रत्येक पक्ष्यामागे दुर्बीण पळवली की काहीच हाती लागत नाही. काकांनी सांगितलेला उपाय असा: थवा कुठल्या दिशेला चाललाय ते बघा, पुढच्या एका उघड्या फांदीवर दुर्बीण रोखा आणि तिथे कोण कोण येतं ते बघत राहा. फार उपयोगी सल्ला आहे.

घुबडं आणि शिकारी पक्षी शोधायचे तर बुलबुलांवर विश्वास ठेवावा. एखाद्या झाडाभोवती बुलबुल, शिंपी, दयाळ, शिंजीर सगळे एकवटून कर्कश ओरडत असतील, तर मध्ये कोणीतरी बसलेलं असतंच. रेन ट्रीच्या एका ढोलीत पिंगळ्यांची जोडी मला अशीच सापडली. दिवसाउजेडी दोघं ढोलीच्या तोंडाशी खेटून बसलेली, आपण बघतोय हे कळल्यावर डोकं वर-खाली करत आपल्यालाच निरखतात. बागेत फिरायला येणाऱ्या एक मावशी त्यांच्याकडे बघायला तयार नसत, अपशकुन होतो म्हणून. भारद्वाज दिसला की मात्र त्या चपला काढून हात जोडत. मी त्यांना दुर्बीण दिली आणि पिंगळ्याची पिवळी बुबुळं दाखवली. “अगं, हा तर बाळासारखा बघतो,” म्हणाल्या. आता पिंगळे जागेवर आहेत का नाहीत, हे मला त्याच सांगतात.

यादी करण्याचं वळण मला ईबर्डने लावलं. पक्षी बघणारे आपापल्या नोंदी जिथे भरतात ते हे संकेतस्थळ. किती वाजता सुरुवात केली, किती वेळ होतो, किती चाललो, आणि दिसलेल्या-ऐकलेल्या प्रत्येक जातीचे किती पक्षी, एवढं त्यात भरायचं. कावळा, साळुंकी, पारवा हे सोडायचे नाहीत. पूर्ण यादी दिली तर न दिसलेला पक्षीही माहिती देतो, कारण इतका वेळ बसून तो इथे दिसला नाही हे त्यातून कळतं. २०२३ साली देशभरातल्या ९४२ जातींची स्थिती सांगणारा जो अहवाल आला, तो तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसबागेतल्या पक्ष्यांची गणना होते, तेव्हा पंधरा मिनिटं बसून केलेली यादीही चालते. नवीन माणसाने तिथून सुरुवात करावी असं मी सांगते.

या नोंदी कोणी तपासतं का, असं मला विचारतात. तपासतात. थंडीत एकदा ओढ्याकाठच्या बांबूखाली, पाचोळ्यात, मला एक धोबी पक्षी दिसला. धोबी उघड्यावर, पाण्याच्या कडेला असायचा. हा गर्द सावलीत, पानं उलटत चालला होता. छातीवर दोन काळे पट्टे, पंखांवर पिवळट पांढऱ्या आडव्या रेघा, भुवई पांढरी. फोटो काढण्याइतका उजेड नव्हता. मी जागेवर वहीत चित्र काढलं आणि रानधोबी म्हणून नोंद केली. दोन दिवसांनी तपासणाऱ्या स्वयंसेवकाची मेल आली: या भागात हा पक्षी क्वचित दिसतो, तेव्हा कशावरून ओळखलात ते लिहा, आणि शेपूट कशी हलत होती ते आठवत असेल तर तेही. मला ते आठवत होतं, कारण मी त्याच्याकडेच बघत बसले होते. बाकी सगळे धोबी शेपूट वर-खाली आपटतात. हा मागचा सगळा भाग डावीकडे-उजवीकडे डोलवत होता. रानधोब्याची तीच खूण. वहीतल्या चित्राचा फोटो आणि हे वर्णन पाठवलं, नोंद मान्य झाली. कोणी अनोळखी माणूस आपल्या नोंदीकडे इतक्या आस्थेने बघतो याचा मला फार आनंद झाला, आणि तेव्हापासून पक्षी काय करतो हे मी त्याच्या रंगाआधी लिहिते.

तो रानधोबी ज्या पाचोळ्यात होता, त्याच पाचोळ्यात नारिंगी डोक्याचा कस्तूरही येतो. पोट आणि डोकं नारिंगी, पाठ निळसर करडी, पांढऱ्या गालावर दोन उभ्या काळ्या रेघा. तो चोचीने पानं बाजूला भिरकावतो, थांबतो, मान वाकडी करून बघतो आणि खालचा किडा किंवा गांडूळ उचलतो. बाकापासून पंधरा-वीस पावलांवर हे चालायचं. त्याचं सगळं जगणं त्या कुजत्या पानांच्या थरावर आहे. पानं नसतील तर कस्तूर नाही, रानधोबी नाही, नवरंगही नाही.

इथे मला थोडं बोलायचं आहे. माझ्या घराजवळ एक छोटं उद्यान आहे, त्याचं नाव घेत नाही. तिथेही मोठी झाडं आहेत. पण रोज सकाळी खराटे फिरतात, पाचोळा गोळा करून कोपऱ्यात जाळतात, वाळकी फांदी दिसली की तोडतात, बांडगूळ दिसलं की छाटतात. जमीन आरशासारखी स्वच्छ. झाडं तीच, पण तिथे माझ्या यादीत कावळे, पारवे, साळुंक्या, बुलबुल यांच्यापुढे फारसं कोणी येत नाही. स्वच्छतेची हौस मला समजते, पायवाट झाडलेली असावीच. पण झाडाखालचा पाचोळा म्हणजे कचरा नव्हे, आणि तो जाळणं तर कुठल्याच दृष्टीने बरोबर नाही.

बांडगुळाचंही तसंच. ते झाडाचा रस शोषतं हे खरं, फार वाढलं तर फांदी वाळते हेही खरं. पण आंब्याच्या फांदीवरच्या बांडगुळापाशी एकदा तासभर बसून बघावं. अंगठ्याएवढा फुलटोच्या येतो, पिकलं फळ गिळतो आणि थोड्याच वेळात बी बाहेर टाकायला फांदीवर आडवा होतो. बी इतकं चिकट असतं की ते अंगालाच लटकतं. मग तो फांदीला बूड घासतो, एक पाऊल सरकतो, पुन्हा घासतो, तेव्हा कुठे ते सालीला चिकटून सुटतं. पुढचं बांडगूळ तिथून उगवतं. फुलं आली की शिंजीर येतात. एका झाडावरचं एखादं बांडगूळ राहू दिलं तर बागेचं काही बिघडत नाही.

वाळकी फांदी कशाला हवी, तर तांबटाला. तो स्वतः ढोली कोरतो, पण जिवंत कठीण लाकूड त्याच्या चोचीला जमत नाही. त्याला मेलेली, मऊ पडलेली फांदी लागते आणि तिच्या खालच्या अंगाला तो भोक पाडतो, पाऊस आत जाऊ नये म्हणून. धनेशाला तर कोरताच येत नाही. त्याला आयती, मोठी ढोली हवी, म्हणजे जुनंच झाड हवं. मार्चच्या शेवटी मला बागेत त्यांची ढोली सापडली. मादी आत गेली आणि विष्ठा, माती यांनी तोंड लिंपून घेतलं, चोच बाहेर येईल एवढी उभी फट सोडून. आत ती अंडी घालते, उबवते आणि तेवढ्या काळात तिची उडायची पिसंही झडतात. तिचा आणि पिल्लांचा सगळा भार नरावर. तो उंबरं गळ्यात साठवून आणायचा, ढोलीच्या खोडाला पंजांनी धरून टेकायचा, घशातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणून फटीत द्यायचा. मग दुसरं. मग तिसरं. सगळं देऊन झालं की चोच फांदीला पुसून निघून जायचा.

नर गेला आणि परत आलाच नाही तर आतली सगळी उपाशी राहतात. म्हणून मी ढोलीची जागा कोणाला सांगितली नाही, नोंदीतही लिहिली नाही, आणि बसायची तीही लांब, झाडाच्या आड. काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुढे बोलावतात. विणीच्या दिवसांत हे करू नये. नराला वाटतं दुसरा कोणी हद्दीत आलाय, आणि खायला आणायचं सोडून तो भांडायला येतो. चांगला फोटो मिळतो, पण पक्ष्याला त्याची किंमत पडते. एकदा फोटो काढणाऱ्या दोन मुलांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, स्पीकर पिशवीत टाकला आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

पिल्लं बाहेर पडली तेव्हा वळवाचे पाऊस सुरू झाले होते. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ओढ्याकडून दोन सुरांची स्पष्ट शीळ आली आणि पाचोळ्यात नवरंग दिसला. पाऊस सुरू व्हायच्या बेताला हे पक्षी रात्रीचे प्रवास करत येतात, दमून शहरातल्या झाडीत उतरतात, एक-दोन दिवस गांडुळं वेचून पुढे जातात. हा दोन दिवस होता. दरवर्षी या काळात नवरंग काचेवर आपटून पडलेले सापडतात. तसा सापडला तर पाणी पाजायचा प्रयत्न करू नये, पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून, अंधारात, शांत ठेवावं आणि जवळच्या वन्यप्राणी उपचार केंद्राला कळवावं. बरेचदा तासाभरात तो सावरतो.

काका आता गुडघ्यांमुळे फारसे येत नाहीत. मी यादी पाठवते, ते फोनवर एकेक नाव विचारतात आणि “कुठल्या झाडावर?” हा प्रश्न कधी सोडत नाहीत. त्यामुळे मी हल्ली बागेतल्या झाडांचीच एक यादी करायला घेतली आहे: कोणतं झाड कुठल्या महिन्यात फळतं, कुठल्या फांदीला ढोली आहे, कुठे बांडगूळ आहे. घराजवळच्या उद्यानातल्या माळीमामांशीही बोलले. सबंध बागेचा पाचोळा राहू देणं त्यांच्या हातात नाही. पण मागच्या भिंतीलगतच्या जांभळाखाली यंदा खराटा लावणार नाही, असं ते स्वतःहून म्हणाले. “कोणी विचारलं तर सांगतो, खत करतोय,” म्हणाले. ऑक्टोबरपासून तिथे बसायचं ठरवलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी या. फक्त पांढरे कपडे नकोत, आणि बोलायचं ते उठल्यावर.